कडेला बघणारा डोळा

आबा, परवा एका मुलीनं मला विचारलं, "तुमची शैली तुम्हाला नेमकी कधी सापडली?" चित्रकला शिकणारी मुलगी. वही उघडून, पेन धरून, उत्तर उतरवून घ्यायच्या तयारीत बसलेली. माझ्या चित्रांतली माणसं, जनावरं, देव, सगळे समोर न बघता कडेला का बघतात, हे तिला हवं होतं. मी म्हटलं, सराव करत राहायचं, हात आपोआप सापडतो. तिनं ते लिहून घेतलं, चहा घेतला, पाया पडली आणि गेली. मी दार लावून तिथंच उभी राहिले, कारण इतकं गुळमुळीत खोटं मी पुष्कळ दिवसांत बोलले नव्हते. शैली हा शब्द तुमच्या कानावर कधी पडला नसेल. तुम्ही 'हात' म्हणायचात. आणि हात सापडतो असं तुमच्या तोंडून कधीच आलं नसतं. तुम्ही म्हणायचात, हात उघडा पडतो. म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठी आहे, तेव्हा लेक थोडं उलटं बोलली तर रागावू नका.

वालूरच्या आपल्या घराची पडवी मला अजून जशीच्या तशी दिसते. आपलं जिनगराचं घर. पोळ्याआधी मातीचे बैल, लगोलग गणपती, लग्नसराईत लोकांच्या भिंतींवर हत्ती-घोडे आणि मोहरमला ताबूतांची कागदी नक्षी, असं आपलं वर्ष जायचं. श्रावणात पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. गाळाच्या मातीत कापूस मळून केलेले गणपती ओळीनं मांडलेले असायचे. खडूचा पांढरा थर दिलेला, अंग रंगवलेलं, सोंड, मुकुट, पीतांबर सगळं झालेलं, फक्त डोळे नाहीत. त्या आंधळ्या रांगेतून पाण्याची कळशी घेऊन जाताना मी मान खाली घालायची. आई हसायची. "त्यायला दिसंना अजून, कशाला लाजायलीस?" म्हणायची. मी लाजत नव्हते. मला वाटायचं, यांना दिसत नाही पण सगळं कळतंय, आणि डोळे आल्यावर हे कुणाला तरी सांगणार आहेत.

डोळ्यांची आखणी फक्त तुम्ही करायचात. सकाळी आंघोळ करून, पोटात काही न घालता, कुणाशी न बोलता. मूर्तीच्या समोर कुणी बसायचं नाही हा आपल्या घराचा नेम. उघडलेल्या डोळ्यांची पहिली नजर माणसाला सोसत नाही म्हणून समोर पाण्यानं भरलेली परात ठेवायची, आणि पहिली नजर पाण्यानं झेलायची. तुम्ही मूर्तीच्या उजव्या अंगाला बसून पुढं वाकायचात. मी डाव्या अंगाला, काजळीची वाटी हातात धरून. तुमचा श्वास थांबायचा, माझाही थांबायचा, दोन टिंबं पडायची आणि देव जागा व्हायचा. दरवर्षी माझ्यादेखत इतके देव जागे झाले, पण एकानंही माझ्याकडं बघितलं नाही. सगळे आपले सरळ परातीतल्या पाण्याकडं. लहानपणी मला याचा खरोखर राग यायचा. काजळी मी घोटली, डिंक मी भिजवला, वाटी धरून हाताला मुंग्या मी आणल्या, आणि हे बघणार पाण्याला!

मग गल्लीतल्या एका लग्नघरची भिंत आली. दाराच्या दोन अंगांना दोन हत्ती, वर मोर, खाली भालदार, नेहमीचंच काम. तुमचा खांदा दुखत होता आणि वऱ्हाड दुसऱ्या दिवशी यायचं होतं, म्हणून तुम्ही म्हणालात, "हत्तीचे डोळे तू काढ. देव न्हाई, हत्ती हाय, चालतंय." मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. मी शिडीवर चढले आणि हत्तीचं बुबुळ मधोमध न ठेवता पार कोपऱ्यात ओढलं, मी जिथं शिडीवर उभी होते त्या बाजूला. मुद्दाम केलं असंही नाही आणि चुकून झालं असंही नाही. हत्तीनं माझ्याकडं बघितलं. अंगावर काटा आला आणि इतका आनंद झाला की मी दुसऱ्याही हत्तीला तसाच डोळा दिला.

तुम्ही खालून बघितलंत. "हा हत्ती कुणाला बघायलाय?"

"मला," मी म्हटलं.

"तू कोण?"

तुम्ही ओरडला नाहीत, तुम्हाला ओरडता येतच नसे. शिडी धरून हळूच म्हणालात, "भिंत लग्नघराची हाय, माय. आपून रंगवायची आन् निघून जायचं. आपलं काय ठिवायचं न्हाई तिथं. हात वळकू आला की मानूस वळकू येतो." मला ते भेकडपणाचं वाटलं. तेवढ्यात नवरीची आई बाहेर आली आणि भिंत बघून टाळी वाजवत म्हणाली, "अगं बाई, हत्ती कसे वळून बघायलेत! पाव्हणे आले का बघायलेत जणू!" पुढच्या दोन लग्नघरांनी तसेच हत्ती मागितले. तुम्ही करू दिलंत, पण तोंड आंबट करून. आणि मग एके दिवशी माझ्यापुढं एक कुंचली ठेवलीत. खारीच्या शेपटीचे केस, बांबूची दांडी, टोक इतकं बारीक की एका केसानं संपणारं. स्वतःसाठीही तुम्ही तितकी चांगली केली नव्हती. मला समजेना, हा माणूस मला थांबवतोय की पुढं ढकलतोय. आजही नीट समजलेलं नाही.

उर्दू शाळेतले मुन्शीजी तेवढे माझ्या बाजूचे होते. दुकानांच्या पाट्यांची अक्षरं ते आखून द्यायचे आणि तुम्ही रंग भरायचात, म्हणून त्यांचं येणं-जाणं असायचं. पडवीत चहा पीत ते मला सांगायचे, "बेटी, दहा जणांना एक अक्षर लिहायला सांग. दहा अक्षरं निघतील. हात झाकून ठेवायची चीज न्हाई." तुम्ही खाली मान घालून माती मळत म्हणायचात, "मुन्शीजी, तुमी शाळेत शिकिवता. आमाला गावात ऱ्हायचंय." ते हसायचे. मीही हसायची. त्या हसण्याची मला आता लाज वाटते.

आणि तो पोलीस ठाण्यातला जमादार. पहिल्यांदा आला तेव्हा काही वाईट घडलं नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आपण तिसऱ्या लग्नघरी भिंत संपवत होतो. रस्त्यावरून जाता जाता त्यानं घोडा थांबवला, खाली उतरला, हात मागं बांधून हत्तीसमोर उभा राहिला. आपल्याकडं सरकारी माणूस भिंतीकडं बघतो तो काहीतरी खोडी काढायला. हा तसा बघत नव्हता. जवळ गेला, मागं आला, मान तिरकी केली. "ये किसका हात है?"

"माझाच, सायब," तुम्ही म्हणालात.

"झूट नको बोलो. तुमारे हत्ती हम देखे सो हैं, सामने देखते. ये हत्ती किसी को ढूँड रा." मग त्याची नजर माझ्या बोटांवरच्या काजळीवर आली. तो छान हसला. "हम एक बार देखे सो हात भूलते नइं," म्हणाला आणि घोड्यावर बसून गेला.

आबा, नंतरच्या आयुष्यात माझ्या चित्रांवर पुष्कळ छापून आलं. जाणकारांनी लिहिलं, मोठमोठे शब्द वापरले. पण 'हा हत्ती कुणाला तरी शोधतोय' इतकं नेमकं पुन्हा कुणीही बोललं नाही. मला पहिल्यांदा ओळखलं ते त्या माणसानं. मी दिवसभर हवेत होते. तुमच्या मानेवर घाम आला होता आणि तुम्ही तो पुसतही नव्हता, हे मी बघितलं होतं, पण उन्हामुळं असेल म्हणून सोडून दिलं.

मग निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? त्या श्रावणात पाऊस वेळच्या वेळी पडत होता, ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि सगळं गाव तिच्याकडं पीक म्हणून नाही तर लपायची जागा म्हणून बघत होतं. सोनपेठच्या बाजारातून आलेला माणूस एक सांगायचा, सेलूहून आलेला दुसरंच. कितीतरी घरांना कुलपं लागली होती, माणसं सरहद्दीपलीकडं गेलेली. बारवेवर बायका घागर बुडवायच्या त्याही अलगद, बुडबुड्याचा आवाज होऊ नये अशा बेतानं. खाकी कपड्यांतली माणसं लारीतून यायची, आणि ती गेल्यावरसुद्धा गाव लगेच बोलायला लागायचं नाही. पोळ्याला आठवडा असताना ती आली, सरकारनं सक्तीनं वसूल केलेलं लेव्हीचं धान्य ओढून न्यायला म्हणून घराघरांतले बैल सोडून घेऊन गेली. ते बैल परत आले नाहीत. आपल्या शेजारच्या काकू रिकाम्या दावणीपाशी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्या पडवीत आल्या आणि म्हणाल्या, "मातीचे द्या आमाला औंदा. डावा जरा बुटका करा. कपाळावर पांढरा ठिपका हाय त्याच्या, इसरू नगा." तुम्ही तो बैल केलात. ठिपका मी दिला. ठिपका देताना मला दुःख झालं नाही, मी संतापले होते.

दोन दिवसांनी, दिवस चांगला वर आलेला असताना, लारी येणार असल्याची आवई उठली आणि सगळं गाव ज्वारीत शिरलं. आपणही गेलो. लारी आली नाही. दुपार झाली. तुम्हाला आणि आईला मी सांगितलं की चूल विझवायची राहिली, बघून येते, आणि तुम्ही मला अडवायच्या आत मी निघालेही. रिकामं गाव तुम्ही त्या दुपारी बघितलं नाहीत. दारं उघडी, एका ओसरीवर अर्धवट निवडलेले तांदूळ, कुत्री आहेत पण भुंकत नाहीत, ती नुसती मागं मागं येतात. मी चालते आहे आणि माझ्याच पायांचा आवाज मला मोठा वाटतो आहे. लेव्हीच्या गोदामाची भिंत नुकतीच चुन्यानं पांढरी केलेली होती. इतकी चांगली भिंत मला आजवर कुणी दिली नव्हती.

मी काही अगदीच बावळट नव्हते. आपले रंग घेतले नाहीत. कुणाच्या तरी चुलीतला कोळसा घेतला, कुणाच्या तरी ओसरीवरचा गेरू घेतला आणि डाव्या हातानं काढलं. दावं तोडून उधळलेला बैल, कपाळावर ठिपका, शिंगात अडकलेली एक खाकी टोपी. रेषा वेड्यावाकड्या आल्या, लहान लेकरानं काढल्यासारख्या, आणि मला तेच हवं होतं. कुणाचाही हात म्हणून खपलं असतं. फक्त डोळा राहिला होता. डोळा न काढता मी निघाले असते तर काय बिघडलं असतं? पण बैल आंधळा उभा होता, आणि डाव्या हातानं, कोळशानं मला डोळा काढवेना. मी घरी गेले. चूल विझलेलीच होती. मी काजळी घेतली, तुम्ही दिलेली कुंचली घेतली, परत आले आणि उजव्या हातानं, श्वास रोखून, बुबुळ कोपऱ्यात ओढलं. मग कुठं बैलाला बैलपण आलं. या गोष्टीला मी अनेक वर्षं चूक म्हणत आले. चूक करायला माणूस मुद्दाम घरी जाऊन कुंचली आणत नाही.

दिवस कलताना लोक परतले तेव्हा भिंतीसमोर कुणी थांबलं नाही. सगळ्यांनी बघितलं आणि सगळे न बघितल्यासारखे पुढं गेले. कुणी हसेल, निदान कुजबुजेल, असं मला वाटलं होतं. आई पुटपुटली, "कुन्या येड्यानं काडलं, गावाला खायला." तुम्ही बैलाकडं बघितलंच नाहीत. तुम्ही थेट डोळ्याकडं बघितलंत, मग माझ्या हातांकडं. "न्हाणीत जा, हात घासून धू," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुन्शीजी आले, चहाला नाही म्हणाले, उभ्या उभ्याच बोलले. "जमादार गोदामापुढं हाय. अर्धा घंटा झाला. बैल बघंना तो. डोळा बघायलाय." त्यांनी एकदा मागं दाराकडं बघितलं. "बेटीला रेल्वेनं कुठं तरी पाठवा, उस्ताद. आजच." तुम्ही हातातला मातीचा गोळा दाबलात. मग म्हणालात, "पाठिवली की कबूल केल्यावानी व्हतंय, मुन्शीजी." ते निघाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचा हात गार होता.

त्यानंतर तुम्ही रंगाचं भांडं घेऊन बाहेर पडलात. कुठं चाललात ते सांगितलं नाहीत. मला काकूंकडून कळलं. तीन लग्नघरांच्या भिंतींवरचे माझे सहा हत्ती, त्यांचे सहा डोळे तुम्ही पुसलेत आणि त्यावर आपले सरळ, समोर बघणारे डोळे काढलेत. मी भाकरी थापत होते. तुम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलात आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून तुमच्यावर धावले. "तुमाला माझा हात बघवत न्हाई," मी म्हटलं. "पयल्यापासून बघवत न्हाई. तुमच्यापेक्षा मला येतं म्हनून पुसलंत." आईनं तोंडावर पदर धरला. भाकरी जळायला लागली होती. तुम्ही तांब्या खाली ठेवलात आणि माझ्याकडं बघून म्हणालात, "बघतुया म्हनून तर पुसायलोय, माय." ते मला कळण्याइतकी मी शहाणी नव्हते. मी त्यानंतर तुमच्याशी बोलले नाही. पोळा आला, घराघरांत मातीचे बैल पुजले गेले, आणि त्या दिवशीही मी तुमच्याशी बोलले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आखणीला सुरुवात. गणपती तीन दिवसांवर आलेले. तुम्ही आंघोळ करून बसला आहात, केसांतून पाणी ठिबकतं आहे. पहिली मूर्ती चौरंगावर, समोर परात, मी डाव्या अंगाला वाटी घेऊन, तोंड फिरवून. तो आला तेव्हा मागं दोन माणसं होती, ती दारातच थांबली. तो आत आला, आंधळ्या मूर्तींच्या रांगेवरून नजर फिरवली, परात पायानं बाजूला सारली आणि बरोबर तिच्या जागी मांडी घालून बसला. घाई कसली ती नव्हती.

"हत्ती के आँखाँ का रंग ताजा है," तो म्हणाला. "कायकू पुसे?"

"उन्हानं उडला व्हता, सायब."

"गोदाम का बैल किसका?"

मी वाटीकडं बघते आहे. तुम्ही म्हणालात, "माझा."

तो हसला, त्या पहिल्या दिवशी हसला होता तसाच छान. "तो निकालो. वैसाच आँख. हमारे सामने."

तुम्ही म्हणालात, "सायब, समोरून उठा तेवडं. पयली नजर मानसावर पडू नये."

"पडने दो."

तुम्ही माझ्याकडं न बघता हात पुढं केलात. रोज काजळीसाठी करायचात तसा. "तुझी कुंचली दे, माय." चार दिवसांनी आपल्यात झालेलं ते पहिलं बोलणं. मी ओच्यातून कुंचली काढली आणि तुमच्या हातावर ठेवली. तुम्ही पुढं वाकता. तुमचा श्वास थांबतो. चाळीस वर्षं सरळ डोळे काढलेला हात बुबुळ उचलतो आणि कोपऱ्याकडं नेतो, माझ्यासारखा, वरच्या पापणीला जरा टेकवून, खालून केसभर पांढरं सोडून. ते केसभर पांढरं मी सोडते हे मला स्वतःला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. किती वर्षं बघत होतात तुम्ही? कधी बघत होतात? दुसरा डोळा झाला आणि देवानं समोर बसलेल्या जमादाराला ओलांडून माझ्याकडं बघितलं.

जमादारानं मूर्तीकडं बघितलं. मग माझ्याकडं, मग पुन्हा मूर्तीकडं. त्याला सगळं समजलं होतं, याची मला तेव्हाही खात्री होती आणि आजही आहे. "कमाल है, उस्ताद," तो म्हणाला, खऱ्या मनानं म्हणाला. मग उठला आणि दारातल्या माणसांना मान हलवून खूण केली. तुम्ही कुंचली पाण्यात धुतलीत, टोक ओठांनी सरळ केलंत, वाटीवर आडवी ठेवलीत आणि त्यांच्याबरोबर गेलात. चप्पल घालायची राहिली.

पुढचं लिहायला मला जड जातं, म्हणून थोडक्यात लिहिते. चौथ्या दिवशी मुन्शीजींनी बैलगाडीतून तुम्हाला घरी आणलं. तुम्ही तापानं गेलात, असं ठाण्यातल्यांनी त्यांना सांगितलं. आईनं तुमचा उजवा हात मला बघू दिला नाही. त्या वर्षी आपल्या मूर्ती घ्यायला कुणी आलं नाही, आणि नंतर पंधरवडाही गेला नसेल, राजवट पडली. लोक रस्त्यावर नाचले. काकूंनी मला घट्ट धरून हंबरडा फोडला, तो आनंदाचा होता की तुमच्यासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ज्या भिंतीसमोर कुणी थांबलं नव्हतं तिला हार घातला गेला, भाषणं झाली. बैल तुमचा ठरला. 'जिनगराचा बैल' म्हणून लांबून लांबून लोक बघायला यायचे. मी आईच्या मागं उभी राहायची आणि कुणी विचारलं तर होय म्हणायची. जमादाराला पुढं काही झालं नाही. देवाची पहिली नजर अंगावर घ्यायला बसला होता, ती त्याला लागलीच नाही. म्हातारा होऊन घरच्या अंथरुणात गेला म्हणतात.

नंतर मी शहरात आले, शिकले, रंगवत राहिले. जे काढलं त्याचा डोळा कडेलाच गेला. आता लिहिणारे लिहितात की ही नजर मला वडिलांकडून आली, वालूरच्या त्या भिंतीवरच्या बैलापासून. मी खोडून काढलेलं नाही. एवीतेवी ते निम्मं खरंच आहे. त्या सकाळनंतर मी खालून केसभर पांढरं सोडते ते तुम्ही सोडलंत तसं, माझं आधीचं मला आठवत नाही.

हे पत्र मी त्या मुलीच्या निमित्तानं लिहायला घेतलं, पण तिला ते दाखवणार नाही, आणि तुम्हाला पाठवायला तर ठिकाणच नाही. रद्दीत जाईल. तरी एक राहिलं आहे. तुम्ही 'माझा' म्हणालात तेव्हा मी का गप्प बसले, हे आईनं मला मरेपर्यंत विचारलं नाही, आणि ज्यांना खरं ठाऊक होतं त्यांनी मानलं की सोळा वर्षांची पोर भिऊन गेली असेल. भ्याले होतेच. पण तुम्ही कुंचली मागितलीत तेव्हा भीती गेली होती, आबा. तोंड उघडायला वेळ होता. मी गप्प राहिले, कारण तुम्हाला तो डोळा जमतो का ते मला बघायचं होतं. आणि जमला. ते तुम्हाला दारातून बाहेर नेत होते, आई ओरडत होती, आणि मी मूर्तीपुढं वाकून तुमचं कुठं चुकलंय ते शोधत होते.